चौदाव्या वर्षीची ‘शाळा’ आणि नंतरची

लहानपणी ज्या पुस्तकाने पोट धरधरून हसवलं, ते मोठेपणी पुन्हा उघडताना मनात धाकधूक असते. बऱ्याचदा विनोद विटलेला निघतो. कधी तो पोरकट वाटतो, तर कधी मुलांना खूश करण्यासाठी लेखकाने केलेली आदळआपट उघडी पडते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ मी नववीत असताना वाचली आणि अलीकडे, पस्तिशीला टेकल्यावर, पुन्हा सलग वाचून काढली. दोन्ही वेळा खूप हसले, पण हसण्याच्या जागा जवळजवळ सगळ्या बदलल्या होत्या. पुस्तकातला शब्दही इकडचा तिकडे झालेला नसताना हे कसं घडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘शाळा’ मौज प्रकाशन गृहाने २००४ साली काढली. नववीतला मुकुंद जोशी आपल्या एका शालेय वर्षाची हकीकत स्वतः सांगतो. काळ आणीबाणीचा. सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या हे त्याचे जिवाभावाचे मित्र, आणि बांधकाम अर्धवट राहिलेली एक बिल्डिंग हा त्यांचा अड्डा. तिथे बसून रस्त्याने जाणाऱ्या मुलींकडे बघायचं, मास्तरांची नक्कल करायची, आणि कोण कोणाला लाईन देतं याचा काथ्याकूट करायचा. जोशीचा जीव वर्गातल्या शिरोडकरवर जडलेला आहे. गोष्ट म्हणाल तर एवढीच. खून नाही, खजिना नाही, पळून जाणं नाही. तरी चौदा वर्षांच्या वाचकाला हे पुस्तक खाली ठेववत नाही, आणि चाळिशीतल्या माणसालाही ठेववत नाही.

आमचं घर नायगावच्या बीडीडी चाळीत. या चाळी १९२०च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. नायगावात त्यांच्या ४२ इमारती होत्या, तळमजला अधिक तीन मजले, मधून पॅसेज, पॅसेजच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. अशा घरात मुलांची खोली वेगळी आणि मोठ्यांची वेगळी असं काही नसतं. मग मुलांचं पुस्तक आणि मोठ्यांचं पुस्तक अशी वाटणी तरी कशी होणार? वाचनालयातून पुस्तक घरी आलं की परत करायच्या तारखेच्या आत ते सगळ्यांच्या हातून जायचं. दुपारी आईच्या, संध्याकाळी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर बाबांच्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची मोठी वास्तू आमच्या नायगावातच, शारदा सिनेमाजवळ आहे. संस्था १८९८ सालची, आणि ती ज्या रस्त्यावर उभी आहे त्या रस्त्याला तिचंच नाव दिलेलं आहे. पुस्तकांचा असा शेजार लाभलेल्या वस्तीत मी वाढले याचा मला अभिमान आहे.

मला तर वाटतं, मराठीतला चांगला विनोद अशाच दाटीवाटीच्या घरांमध्ये मोठा झाला. चिं. वि. जोशी हे बडोद्याला पाली भाषा शिकवणारे विद्वान. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ लिहिले ते मोठ्यांसाठी, पण घरोघरच्या मुलांनी ते पळवले. पुढे मुंबई दूरदर्शनवर चिमणराव आला तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात अख्खा मजला गोळा व्हायचा, असं आई सांगते. त्या गर्दीत आजीही हसायची आणि दुसरीतलं पोरही हसायचं. चिमणरावाचं काम करणाऱ्या दिलीप प्रभावळकरांनी नंतर ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, आणि २०१७ साली ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला तेव्हा त्यात फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांची भूमिकाही त्यांनीच केली. एकाच माणसाच्या हातून तीन पिढ्यांच्या तीन हसऱ्या पुस्तकांना असा स्पर्श व्हावा, ही मराठी वाचकाला मिळालेली फार गोड भेट आहे.

तर ‘शाळा’ आमच्या घरी आली तेव्हा मी नववीत होते, आणि बाबांची नववी नेमकी आणीबाणीतली. एकाच आठवड्यात आम्ही दोघांनी एकाच प्रतीवर ती वाचली. मी हसले की ते आतून विचारायचे, “कुठे आलीस?” आणि ते हसले की मी खूण घातलेलं पान उघडून बघायचे. त्या पानावर हसण्यासारखं काही मला सापडायचंच नाही. मी हसायचे ते पोरांच्या डावपेचांना, टोपणनावांना, वर्गातल्या फजितीला. बाबा हसायचे ते घरातल्या साध्या संभाषणांवर, आई-वडील मुलाला काहीतरी विचारतात आणि मुलगा भलतंच उत्तर देऊन सुटतो तिथे. पुस्तक संपल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, “यातली आणीबाणी कळली का तुला?” मी म्हटलं, “आणीबाणी? ती आहे कुठे यात?”

आता वाचताना ती पानोपानी दिसते. हा फरक माझ्या वयाने केला हे खरं, पण तसा तो व्हावा अशी सोय लेखकाने करून ठेवली आहे. त्या सोयीत बोकिलांची सगळी कारागिरी आहे.

बोकिलांनी एक कडक पथ्य पाळलं आहे. सांगणारा जोशी शेवटपर्यंत नववीतलाच राहतो. ‘तेव्हा मी किती भोळा होतो’ असा मोठेपणीचा सूर त्याच्या सांगण्यात शिरत नाही. मराठीत बालपणाच्या आठवणी भरपूर आहेत आणि त्यातल्या कित्येक सुंदरही आहेत, पण त्यांत बहुतेक वेळा एक मोठा माणूस मुलाचा हात धरून बसलेला असतो. कुठे हसायचं, कुठे गहिवरायचं हे तो आधीच ठरवून देतो. लहान वाचकाला हे लगेच जाणवतं. आपल्या डोक्यावरून दोन मोठी माणसं एकमेकांना डोळे मिचकावत आहेत हे ओळखण्यात मुलं फार तरबेज असतात, आणि अशा पुस्तकावर ती कायमची फुली मारतात. ‘शाळा’त कोणी डोळा मिचकावत नाही. जोशीला जे दिसतं ते दिसतं, जे कळत नाही ते कळत नाही, आणि लेखक मधे पडत नाही.

म्हणून इथला विनोद जोशी करत नाही, तो जोशीच्या गांभीर्यातून आपोआप होतो. घरातून किती वाजता निघालं तर रस्त्यात ती दिसेल, तिच्या मागून किती अंतर ठेवून चालावं, तिने मागे वळून पाहिलं ते नक्की आपल्यासाठीच का, या सगळ्याचा तो सेनापतीच्या काटेकोरपणे विचार करतो. एका नजरेवरून अख्खा सिद्धांत उभा करतो, दुसऱ्या दिवशी तो कोसळतो, लगेच नवा उभा राहतो. चौदाव्या वर्षी मी हे वाचलं ते जवळजवळ हेर बनून. पलीकडच्या गोटात काय शिजतं याची खबर पहिल्यांदाच हाती आली होती. माझं हसू सुटकेचं होतं. आपल्यालाच असं वेड्यासारखं होतं असं नाही, सगळ्यांनाच होतं, हे कळल्यावर जे मोकळं हसू येतं ते. आता हसू येतं ते बेत केवढा आणि हाती काय लागलं यातल्या अंतराचं. एवढी मोर्चेबांधणी करून पदरात काय, तर कोपऱ्यावरची दोन मिनिटं. मात्र ही दोन मिनिटं जोशीला आयुष्यभर पुरतील हेही आता ठाऊक असतं, म्हणून हसता हसता त्याच्याबद्दल मनात आदर दाटून येतो.

नावांचं बघा. शाळेत मुख्याध्यापक ‘अप्पा’, बेंद्रेबाईंची ‘बेंद्रीण’. घरी आईला जोशी मनातल्या मनात ‘आईसाहेब’ म्हणतो आणि मोठ्या बहिणीला ‘अंबाबाई’. लहानपणी या नावांनी मी हसून बेजार झाले होते. मोठ्यांचा असा उपमर्द छापील पुस्तकात असू शकतो, ह्याचीच गंमत वाटली होती. आज ही नावं वाचताना वाटतं की ती या मुलाने आपल्याभोवती घातलेली कुंपणं आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला आईच्या मायेचा सगळ्यात जास्त संकोच वाटतो. ती माया झेलायची तर मधे काहीतरी आडोसा हवा, म्हणून तो तिला दरबारी किताब देऊन टाकतो. बहिणीशी भांडणं चालू राहतात, पण ‘अंबाबाई’ हा शब्द येत राहतो तसतसा त्यात जिव्हाळा साठत जातो. आणि शिरोडकर! जिच्यासाठी जीव तुटतो तिलाही हा मुलगा मनातसुद्धा आडनावानेच हाक मारतो. हजेरीच्या पटावरून उचललेलं ते रुक्ष आडनाव पुस्तकाच्या मध्यावर येईस्तोवर इतकं हळवं होऊन जातं की त्या जागी कुठलंही गोड नाव चाललं नसतं. असा परिणाम विशेषणांनी साधता येत नाही. तेच नाव तितक्याच साधेपणाने पुन्हा पुन्हा लिहायची हिंमत लेखकात असावी लागते.

मी मुलगी म्हणून हे पुस्तक वाचलं. त्या बाजूने त्यात काय दिसतं यावर कोणी फारसं बोलताना मी ऐकलेलं नाही. नववीत असताना मला एका गोष्टीचा रागही आला होता. ही मुलं बिल्डिंगमध्ये बसून मुलींना न्याहाळतात, आणि कोपऱ्यावरच्या नजरा पाठीवर घेऊन क्लासला जाणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पुन्हा वाचताना राग गेला नाही, पण लेखकाने त्या रागाला जागा ठेवली आहे हे लक्षात आलं. जोशी वेगळा वाटतो तो एवढ्यासाठी, की तो शिरोडकरला घाबरतो, तिचा विचार करतो, ती दुखावली जाऊ नये म्हणून धडपडतो. सुऱ्याचं तसं नाही. तो केवडा या मुलीच्या बाबतीत धीटपणे पुढे जातो आणि ते प्रकरण अंगाशी येतं. पहिल्या वाचनात तो सगळा भाग मला थरारक वाटला होता, श्वास रोखून वाचला होता. या खेपेला सारखी केवडाच डोळ्यांपुढे येत होती. त्या दिवशी तिला घरी जाऊन काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल? ते पुस्तकात नाही. जोशीला ते माहीत असणं शक्य नाही, म्हणून नाही. पण ते नाही हे मोठ्या वाचकाला टोचतं, आणि मघाचं हसू तिथे अडकतं.

शिरोडकरही तशीच. ती आपल्याला दिसते ती जोशीच्या तर्कांमधून. तो तिच्या प्रत्येक शब्दाचा कीस काढतो आणि पुष्कळदा चुकतो. मात्र त्याच्या चुकलेल्या तर्कांच्या फटीतून एक शहाणी, शांत, त्याच्यापेक्षा कितीतरी सरळ चालीची मुलगी आपल्याला दिसत राहते. मुलगा तिला गूढ समजतो, ती तर अगदी स्वच्छ बोलत असते. मला तरी वाटतं, या कादंबरीतला सगळ्यात नाजूक विनोद इथे आहे.

जोशीच्या नरूमामाबद्दल थांबून बोललं पाहिजे. प्रत्येक घरात एखादा असा नातेवाईक हवा. वयाने मोठा, पण मोठ्यांच्या पंक्तीत अजून पुरता न बसलेला. जोशीच्या मनातलं घरात जर कोणापाशी निघू शकतं तर ते नरूमामापाशी. तो भाच्याला बरोबरीच्या नात्याने वागवतो, चिडवतो आणि सल्लेही देतो. लहान वाचकाला नरूमामा म्हणजे सर्वज्ञ. त्याचं प्रत्येक वाक्य मी खरं मानलं होतं. आता दिसतं की नरूमामालाही फारसं काही कळलेलं नाही, तोही अंदाजपंचेच चालला आहे, आणि तरीही त्याचं मोल कणभर कमी होत नाही. उलट वाढतं. मुलाला त्या वयात अचूक उत्तरं देणाऱ्यापेक्षा त्याचं बोलणं हसण्यावारी न नेता ऐकून घेणारं माणूस हवं असतं. मांजरेकर सर वर्गात तेच करतात. बोकिलांनी या दोन माणसांना कुठेही आदर्शाच्या चौथऱ्यावर चढवलेलं नाही, आणि म्हणून ते खरे वाटतात.

अशा पुस्तकांची मराठीतली वंशावळ मोठी आहे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांचीच चिंगी, भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, प्रभावळकरांचा बोक्या. गोट्याचा खोडकरपणा शेवटी चांगुलपणाच्या अंगणात येऊन विसावतो. ते वाचताना फार उबदार वाटतं, मात्र मोठ्या वाचकाला तिथे नवं काही सापडत नाही. फास्टर फेणे वेगावर चालतो. त्याच्या ‘ट्टॉक’वर आजही माझा जीव आहे, पण मी आज फेणे वाचते ती चौदा वर्षांची होऊनच. बोक्याचं निराळं. त्याच्या गोष्टी आधी आकाशवाणीवर गाजल्या, त्यामुळे त्या मोठ्याने वाचण्यात खरी मजा आहे, आणि वाचणारा मोठा अन् ऐकणारा लहान असला तर दोघेही खूश. प्रकाश नारायण संतांचा लंपन या सगळ्यांत वेगळा उभा राहतो. ‘वनवास’ १९९४ साली आलं आणि पुढच्या तीन पुस्तकांत लंपनची गोष्ट चालू राहिली. संतांनीही बोकिलांसारखंच पथ्य पाळलं आहे, मुलाच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही. लंपन जोशीपेक्षा अधिक कवी आहे. त्याला रंग, वास, सूर आधी जाणवतात. जोशी हा योजना आखणारा, हिशेब मांडणारा मुलगा, म्हणून त्याच्या वाट्याला विनोद अधिक आला. दोघांत कोण थोर हे ठरवायला मला सांगू नका, पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती आधी ‘शाळा’ द्यावी आणि मागोमाग ‘वनवास’ द्यावं, असं मी खात्रीने सांगेन.

आता ती आणीबाणी. बाहेर देशात २५ जून १९७५च्या रात्रीपासून जे चाललं होतं ते जोशीच्या कानावर तुकड्या-तुकड्यांनी येतं. मोठी माणसं काही बोलतात, मधेच आवाज खाली जातो. जोशीला त्यात रस नाही, त्याच्यापुढे याहून महत्त्वाचे प्रश्न आहेत. लहान वाचकही त्याच्याबरोबर त्या ओळी ओलांडून पुढे पळतो. मी तशीच पळाले होते. मोठ्या वाचकाला मात्र एक विलक्षण साम्य दिसू लागतं. शाळेतही काय बोलायचं, कुठे बघायचं, कोणाशी उभं राहायचं यावर पहारा आहे, आणि बाहेरही आहे. छडी इथेही आहे आणि तिथेही. लेखक हे साम्य बोट दाखवून सांगत नाही. त्याने ते सांगितलं असतं तर पुस्तक पाठ्यपुस्तक झालं असतं.

याच जातीचं एक इंग्रजी पुस्तक मला ‘शाळा’च्या शेजारी ठेवावंसं वाटतं. सू टाउनसेंड यांनी लिहिलेली एड्रियन मोल या पावणेचौदा वर्षांच्या मुलाची गुप्त डायरी १९८२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. त्या मुलाला आपण मोठे विचारवंत आहोत असं वाटतं, तो पँडोरा नावाच्या वर्गमैत्रिणीवर जीव टाकतो आणि चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांची नोंद ठेवतो. तेवढ्यात त्याच्या घरात आईचं शेजाऱ्याशी सूत जुळतं, वडिलांची नोकरी जाते, थॅचरबाईंच्या राज्यातली बेकारी दारात येऊन उभी राहते. हे सगळं तो टिपतो, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. वाचणारी मुलं पुटकुळ्यांवर हसतात, त्यांचे आई-वडील संसाराच्या पडझडीवर हसतात आणि गप्प होतात. एड्रियनचं लेस्टर आणि जोशीचं गाव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही दोन्हीकडे एका मुलाच्या अर्धवट समजेतून एक काळ पकडला गेला आहे, आणि तो इतिहासाच्या पुस्तकांतल्यापेक्षा जिवंत आहे. माझी आवड विचाराल तर मी ‘शाळा’ला झुकतं माप देईन. एड्रियनला लेखिका थोडं हास्यास्पद होऊ देते. बोकील जोशीची अब्रू शेवटपर्यंत राखतात.

‘शाळा’चा शेवट सांगितल्याशिवाय तिच्या विनोदाबद्दलचं बोलणं पुरं होत नाही. नववी हे वर्षच मुळी चाळणीचं. दहावीच्या दारात कोण उभा राहणार आणि कोण गळणार हे तिथे ठरतं, आणि ते नुसत्या गुणांवर ठरत नाही. सुऱ्या, चित्र्या, फावड्या यांची घरं एकसारखी नाहीत. बिल्डिंगमध्ये बसलेले असताना चौघं सारखे असतात, त्यांच्या थट्टेत कोणी वरचा-खालचा नसतो. पहिल्या वाचनात हा अड्डा कधी मोडेल असं मला वाटलंही नव्हतं. दुसऱ्या वाचनात पहिल्या प्रकरणांतल्या विनोदावरही त्या मोडण्याची सावली पडलेली दिसली. नायगावात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या पॅसेजमध्ये एकत्र दंगा केलेल्या मुलांपैकी कोण पुढे शिकलं आणि कोण पंधराव्या वर्षी कामाला लागलं, हे हुशारीवर थोडंच ठरलं होतं?

शेवटी मित्र पांगतात आणि शिरोडकर गाव सोडून निघून जाते. आर. के. नारायण यांच्या १९३५ सालच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मध्येही स्वामीचा जिवलग राजम वडिलांच्या बदलीमुळे आगगाडीत बसून जातो. मोठ्यांच्या निर्णयापुढे मुलांचं काही चालत नाही हे दोन्ही लेखकांना ठाऊक आहे. फरक इतकाच की स्वामीची गोष्ट दुसरा कोणी सांगत असतो, जोशीची जोशीलाच सांगावी लागते, आणि एवढा बोलका मुलगा तिथे मोजकंच बोलतो. इतका वेळ ज्याच्या बडबडीवर आपण हसत आलो त्याची बडबड आटते, हे मला फार मोठं काम वाटतं. तिथे रडवण्यासाठी लेखकाने काहीच केलेलं नाही. नववीत मी ते पान वाचून लेखकावर चिडले होते. आता चिडत नाही. पुढे दहावी आहे, एवढं एकच सत्य त्या मुलापुढे उरतं, आणि तेवढं पुरतं.

सुजय डहाके यांनी केलेला ‘शाळा’ चित्रपट २०१२ साली चित्रपटगृहांत लागला. त्यानंतर त्याला २०११ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि अविनाश देशपांडे यांना पटकथेचा पुरस्कार जाहीर झाला. चित्रपट देखणा आहे, मुलांची कामं सुरेख आहेत, आणि केतकी माटेगावकरची शिरोडकर कोणीही विसरणार नाही. पण कॅमेऱ्याला शिरोडकर स्वच्छ दाखवावीच लागते. पुस्तकात आपण तिला जोशीच्या गोंधळातून शोधत असतो, आणि त्या शोधात अर्धा विनोद आहे. पडद्यावर हळवेपणा पुरेपूर उतरला, हसू कमी झालं. म्हणून चित्रपट आधी पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचायलाच हवं.

एक सल मात्र मनात आहे. आपल्या वाचनालयांत बालविभाग असतो आणि त्याच्यापुढे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या वयाचं कपाट बहुधा नसतंच. ‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केलं ते त्या वयाची भूक ओळखून, पण कादंबऱ्यांच्या बाबतीत ती ओळख अजून पुरती पटलेली नाही. ‘शाळा’ मोठ्यांच्या कपाटात असते, आणि चौदा वर्षांचं मूल त्या कपाटापर्यंत आपण होऊन पोचत नाही. पोचलंच तर कोणीतरी म्हणतं, यात शिव्या आहेत, मुलींच्या गोष्टी आहेत, दहावी होऊ दे मग वाच. दहावीनंतर वाचलं तर तिच्यातलं पहिलं हसू हातचं गेलेलं असतं. ते फक्त त्या वयातच येतं.

म्हणून ग्रंथपालांना माझी विनंती आहे की या पुस्तकाची एक तरी प्रत मुलांच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवा. आणि ज्यांच्या घरात आठवी-नववीतलं मूल आहे त्यांना सांगणं आहे की परीक्षा संपायची वाट न बघता ‘शाळा’ त्याच्या हातात द्या. त्याचं वाचून झालं की तीच प्रत तुम्ही घ्या, आणि ते कुठे हसलं हे त्याला जरूर विचारा.